गार पडलेलं धुराडं

रांगेलने जन्मभर लाकूड वाहिलं. तो जंगल खात्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. आमच्या रोडोपी डोंगरातले बीचचे, म्हणजे टणक लाकडाच्या झाडाचे, आणि पाइनचे ओंडके उतरवून खालच्या लाकूडगिरणीवर न्यायचे, हे त्याचं काम. गल्लीतल्या बहुतेक घरांचं हिवाळ्याचं सरपण त्याच्याच ट्रकमधून यायचं. स्वतःच्या घरचं सरपण तो भिंतीला टेकवून अशा काही ओळींत रचायचा की रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थांबायचा. पण घरातली लोखंडी चूल त्याने लग्नानंतर एकदा पेटवली होती, तेवढीच. पुन्हा कधी नाही.

ती एकदाची गोष्ट फिदांका, म्हणजे त्याची बायको, हसून सांगायची. लग्नाचा पहिलाच हिवाळा होता. ती आईकडे गेली होती, आणि परत येईल तेव्हा घर ऊबदार असावं म्हणून ह्याने चुलीत चिकाचं, भडकन पेटणारं पाइन ठासून भरलं. चुलीतून धुराड्यात जाणारा पत्र्याचा नळ लालबुंद झाला, धुराड्यातली काजळी पेटली, आणि छपरातून ठिणग्या उडायला लागल्या. फिदांका गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिला ते दिसलं. तिने धावत येऊन मिठाचा अख्खा डबा चुलीत ओतला आणि नळावरची झडप बंद केली. मग त्याला म्हणाली, "लाकूड तुझं, विस्तव माझा." तेव्हापासून तसंच चाललं. तो अंधारात उठून कामाला जायचा, तर त्याच्या आधी ती उठलेली असायची. संध्याकाळी यायचा तेव्हा चुलीवर बीन्सचं सूप रटरटत असायचं. निवृत्त झाल्यावरही तो सकाळी डोळे उघडायचा तो ऊबेतच. आपलं घर आपोआप गरम असतं असं त्याला वाटत असावं.

मी नेव्याना. माझं घर त्यांच्या समोर, मध्ये फक्त गल्ली. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. फिदांकाचं आणि माझं रोजचं येणंजाणं. त्यामुळे हे सगळं मी जवळून बघितलं, आणि जे बघितलं नाही ते रांगेलने मला नंतर सांगितलं. एकदम नाही, तुकड्यातुकड्याने.

हिवाळ्याच्या तोंडावर, कोबी खारवायच्या दिवसांत फिदांकाला झटका आला. पिंपात कोबी दाबता दाबता ती खाली बसली आणि तशीच एका बाजूला कलली. रांगेल पडवीत सुरीला धार लावत होता. आत आला तेव्हा तिचं तोंड वाकडं झालेलं होतं आणि ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. खालच्या शहरात दवाखान्यात ती महिन्याहून जास्त राहिली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा राहिला. "नको."

पाणी हवं का? नको. आणि ओठ पुढे करायची. उशी वर घेऊ? नको. आणि वर घेतली की डोळे मिटून पडायची. डॉक्टरांनी रांगेलला सांगितलं होतं की हा शब्द तिच्या जिभेवर अडकून राहिलाय, त्याचा अर्थ नाहीच असा होतो असं समजू नका. पण मग कसा समजायचा, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरी न्या, ऊबेत ठेवा, कूस बदलत जा, बोलत राहा. याहून जास्त आमच्या हातात नाही, असं म्हणाले.

पहिला बर्फ पडून गेला होता तेव्हा तिला घरी आणलं. आमच्याकडे हिवाळ्यात घरातली एकच खोली जागती असते, स्वयंपाकाची. तिथेच चूल, तिथेच टेबल, तिथेच पलंग. महिनाभर रांगेल एकटा वरच्या खोलीत विजेच्या हीटरवर राहिला होता आणि खालची चूल गारच होती. त्या सकाळी तो लवकर उठला होता, तिला आणायच्या आधी खोली गरम करायची म्हणून. गाडीतली माणसं तिला स्ट्रेचरवरून पलंगावर ठेवून गेली तरी तो चुलीशीच झगडत होता.

मी पाव घेऊन घरी येत होते. बघितलं तर त्यांच्या धुराड्यातून काही निघत नव्हतं, आणि खिडकीतून धुराचे लोट बाहेर येत होते. हातातलं तसंच टाकून मी पळत गेले. आत डोळे उघडवत नव्हते. फिदांका पलंगावर खोकत होती. एका बाजूचं अंग उचलत नसल्याने तिला नीट खोकताही येत नव्हतं. रांगेल गुडघ्यांवर बसून चुलीच्या दारातून फुंकर घालत होता. चेहरा काळा, डोळ्यांतून पाणी. त्याच्या अंगावर लग्नासमारंभाचं जाकीट होतं, तिला घरी आणायचं म्हणून घातलेलं.

मी खिडकी सताड उघडली, नळावरची झडप बघितली, तर ती बंद. राखेचा कप्पा गच्च भरलेला, मागच्या मोसमातला. आत त्याने बीचच्या तीन जाड फोडी रचल्या होत्या आणि त्याखाली कागद जाळत बसला होता. कागद जळायचा, फोडी काळ्या व्हायच्या, बास. मी सगळं बाहेर काढलं आणि पहिल्यापासून लावलं. खोली गरम व्हायला दुपार झाली. तोवर रांगेल तिच्या पलंगाशी उभा होता, हात लोंबते सोडून. एवढा धिप्पाड माणूस, ओंडक्यांच्या साखळ्या ओढणारा, आणि त्याला उभं कुठे राहायचं तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला शिकवायला लागले. आधी राख काढ. झडप पूर्ण उघड. खालचा कप्पा अर्धा ओढून ठेव, वारा तिथून आत जातो. चुरगळलेला कागद, त्यावर चिकाच्या पाइनच्या काड्या, त्यावर बोटाएवढ्या चिरफळ्या, मध्ये फटी राहतील अशा. पेटव आणि दार लाव. चिरफळ्या पेटल्या की मग मनगटाएवढं लाकूड, एकच. ते पेटलं की दुसरं. मग बीच. आणि चूल गुणगुणायला लागली की कप्पा ढकल, झडप अर्ध्यावर आण, आणि तिला तिचं काम करू दे.

त्याला ते पाठ झालं. विचारलं की शाळेतल्या पोरासारखं घडाघडा म्हणून दाखवायचा. पण हात ऐकत नव्हते. चिरफळ्या पेटतात न पेटतात तोच तो वरून जाड फोड टाकायचा आणि सगळं दाबून टाकायचा. आणि सारखं दार उघडून बघायचा.

"दार उघडू नकोस दादा," मी म्हणायचे. "दर वेळी गार हवा घुसते आत."

"मग कळणार कसं, पेटलंय का ते?"

"ऐक ना. पेटली की आवाज येतो. आधी भुरभुर, मग गुणगुण."

तो कान चुलीकडे करून बसला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "मला काही येत नाही ऐकू."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या ट्रकच्या इंजिनाशेजारी बसून बसून त्याचे कान गेले होते. त्याच्याशी बोलताना आम्ही सगळे मोठ्यानेच बोलायचो, इतक्या वर्षांच्या सवयीने, पण चुलीला कोण मोठ्याने बोलायला सांगणार. मग मी त्याला नळापाशी तळवा धरायला शिकवलं. त्याचे हात असे राठ की गरम लागेपर्यंत भाजायची वेळ यायची.

आणि हे चालू असताना पलंगावरून फिदांकाचा आवाज यायचा. "नको. नको." कधी हळू, कधी चिडल्यासारखा. रांगेल जागच्या जागी थिजायचा.

"बघ, सांगतेय ती. चुकलं माझं काहीतरी. काय नको, फिदे? काडी नको? फोड नको?"

"नको," ती म्हणायची.

मी त्याला समजावलं की अरे, तिच्याकडे तेवढाच शब्द आहे. त्याला ते पटायचं नाही. तो म्हणायचा, चूल तिची आहे. आपण चुकतोय तिथे ती सांगणारच. म्हणून तो लाकूड एकदा डावीकडे ठेवायचा, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी मान वळवून तिच्याकडे बघायचा. तिचे डोळे चुलीवरच असायचे, हेही खरं.

दुकानात मारिन म्हणून एक जण असतो, कुणालाही सोडत नाही. त्याला कुठून तरी कळलं. सगळ्यांसमोर रांगेलला म्हणाला, "अख्खा डोंगर वाहून नेलास रे, आणि घरात एक काडी पेटत नाही होय तुझ्याच्याने?" लोक हसले. रांगेलने पाव काखेत घेतला आणि म्हणाला, "नाही पेटत." अगदी सरळ म्हणाला. मारिन बाहेर येऊन रांगेलसाठी दार धरून उभा राहिला.

त्यांची मुलगी रोसित्सा इटलीत असते. तिथे एका म्हातारीला सांभाळते, तिला भरवते, आंघोळ घालते. रविवारी तिचा फोन यायचा. बाबा, आईचे पाय उबेत ठेव. बाबा, तिची पाठ बघ, लाल झालीय का. तो हो हो म्हणायचा. एकदा तिने विचारलं, चूल कोण पेटवतं? तो म्हणाला, मी. मी तिथेच बसले होते.

खरं तर रोज सकाळी मीच जायचे. कधी वेळ नसला तर माझ्या चुलीतले निखारे लोखंडी बादलीत घालून गल्ली ओलांडायचे आणि त्यांच्या चुलीत ओतायचे. त्यावर लाकूड ठेवलं की झालं. रांगेलने एक मात्र नीट जमवलं, झोपण्याआधी जाड बीच घालून वर राख ओढायची, म्हणजे सकाळी आत लाल शिल्लक राहायचं. विझूच द्यायची नाही, म्हणजे पेटवायला नको, असा त्याचा हिशेब.

जानेवारीत माझ्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मी दूर प्लोवदिव शहरात गेले. लगेच परतायचं होतं, पण ऑपरेशनच्या दिवशीच बर्फ सुरू झाला आणि थांबेना. घाटात झाडं आडवी पडली, बस बंद झाली. गावात वीज गेली, फोन गेले. मी बहिणीच्या घरी खिडकीशी बसून राहायचे. दुसरं काय करणार. पुढचं सगळं रांगेलच्या तोंडून.

पहिले दिवस बरे गेले. मग घरात आणून ठेवलेलं कोरडं लाकूड संपलं. बाहेरची रास बर्फाखाली. त्याने खणून फोडी काढल्या, पण त्यांच्या सालीत बर्फ भरलेला होता. त्या रात्री त्याने त्यातलीच एक घातली, राख ओढली आणि झोपला. सकाळी जागा झाला तो श्वासाची वाफ बघून. फिदांका जागी होती. तिच्या नाकाचा शेंडा निळसर झाला होता. त्याने चुलीचं दार उघडलं. आत ती फोड तशीच, एका अंगाला काळी, खालची राख करडी. हात घातला तर कुठे काही नाही.

वीज नाही, त्यामुळे हीटर नाही. शेजारी मी नाही. खालच्या अंगाचं सगळ्यात जवळचं घर मारिनचं, पण दारापुढे छातीएवढा बर्फ, आणि तिथवर जाऊन यायचं म्हणजे तिला तेवढा वेळ एकटीला गारठ्यात ठेवायचं. दाराशी जाऊन तो परत फिरला.

मग त्याने राख काढली. झडप उघडली. कप्पा अर्धा ओढला. कागद, काड्या, चिरफळ्या. चिरफळ्या त्याने खुर्चीची पाठ मोडून केल्या, कारण तेवढंच कोरडं होतं. सगळं मी सांगितलं होतं तस्सं. पेटवलं, दार लावलं. आणि धूर दारातून, चुलीवरच्या झाकणांच्या कडांतून, नळाच्या सांध्यांतून खोलीत यायला लागला. रात्रीत वारा फिरला होता. दक्षिणेकडचा मऊ वारा सुटला होता, आणि असा वारा असला की आमच्याकडे गार धुराडी उलटी चालतात. धुराड्यातली गार, जड हवा खाली उतरते आणि धुराला वर वाटच मिळत नाही. त्याला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं, हात चुकला. त्याने विझवलं, खिडकी उघडली, धूर जाऊ दिला, खिडकी लावली आणि पुन्हा मांडलं. पुन्हा धूर. पुन्हा खिडकी. दर वेळी खोली आणखी गार.

"नको," फिदांका म्हणाली. खोकत होती. "नको. नको."

"काय नको?" तो ओरडला. "काय नको ते सांग ना. पेटवू नको? इथे गारठून मरू? सांग तरी काय ते."

"नको," ती म्हणाली.

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला की इतक्या वर्षांत मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तिला बोलता येत नव्हतं तेव्हा चढवला.

मग त्याच्या मनात आलं की ह्यात तिचंच काहीतरी आहे. डावा हात चालतो. बोलता येत नसेल, पण हाताला ठाऊक असेल. त्याने तिला घोंगडीत गुंडाळलं, उचललं, हाताच्या खुर्चीवर बसवलं, आणि कलू नये म्हणून शालीने खुर्चीला बांधलं. खुर्ची चुलीपुढे ओढली. दार उघडून तिला आतलं दाखवलं. तिच्यापुढे जमिनीवर सगळं मांडलं, कागद, काड्या, चिरफळ्या, काडेपेटी. आणि पाइनची एक काडी तिच्या डाव्या हातात दिली.

"दाखव मला," तो म्हणाला. "फक्त दाखव. मी करतो."

तिने काडीकडे बघितलं. उलटीसुलटी केली. मग ती काडी केसांत घातली आणि हळूहळू विंचरायला लागली. कपाळापासून मागे, कपाळापासून मागे. काडीचा चीक केसांना लागत होता.

त्याने ती काढून घेतली आणि दुसरी दिली. तिने पुन्हा विंचरलं. काडेपेटी दिली, तर तिने ती गालाशी धरली. चुलीच्या दाराकडे तिने एकदाही हात नेला नाही. जणू तिथे भिंत होती.

"मला वाटायचं, नेव्याना," तो मला म्हणाला, "तिला सगळं येतंय. आत सगळं आहे, बाहेर काढता येत नाही एवढंच. म्हणून मी दर वेळी तिच्या तोंडाकडे बघायचो. पण तसं नव्हतं गं. तिला चूलच ओळखू येत नव्हती."

तो तिच्या पायांशी जमिनीवर बसला आणि रडला. ती काडेपेटी गालाशी धरून बसून राहिली. किती वेळ, त्याला सांगता येत नव्हतं. मग तिचा पाय त्याच्या हाताला लागला, तो बर्फासारखा. तेव्हा उठला. तिला पलंगावर ठेवलं, घरात होतं नव्हतं ते सगळं तिच्यावर घातलं, घोंगड्या, कोट, जमिनीवरची सतरंजी, आणि स्वतः बुटांसकट आत शिरून तिला पाठीमागून धरून पडला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. वारा फिरला तर फिरेल. रस्ता उघडला तर कोणी येईल. त्याने एवढंच ठरवलं की तिच्या आधी आपण झोपायचं नाही.

पलंगावरून त्याला चुलीमागची भिंत दिसत होती. तो एरवी त्या पलंगावर दिवसा कधी पडलेला नव्हता. भिंतीत, जमिनीपासून वीतभर वर, एक लोखंडी दार होतं, तळव्याएवढं, चुन्याने रंगवलेलं. काजळी काढायचं. वर्षातून एकदा धुराडं साफ करायला माणूस येतो तो ते उघडतो. रांगेल त्याच्याकडे नुसता बघत होता. आणि बघता बघता त्याला फिदांका दिसली. धुक्याची, दमट सकाळ, तो कामाला निघायच्या गडबडीत बूट चढवतोय, आणि ती चुलीमागे उकिडवी बसून त्या दारातून पेटता कागद आत सारतेय. असं त्याने बऱ्याचदा पाहिलं होतं. त्याला वाटायचं, केरकचरा जाळतेय. एकदा म्हणालाही होता, एवढी मोठी चूल असताना भिंतीत कशाला जाळतेस? तिने काय उत्तर दिलं ते त्याने ऐकलं नव्हतं. बाहेर सोबत्याचा हॉर्न वाजत होता.

तो उठला. दार गंजलं होतं, सुरीने खरवडून उघडावं लागलं. आत हात घातला, तर विहिरीत घालावा तशी हवा वरून हातावर येत होती. गार, जड. चुलीतला धूर ह्याच्याशीच भांडत होता. त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून आत सारली. धूर भस्सकन तोंडावर आला. दुसरी सारली. तीही आली. तो कागद लावत गेला. घरातली वर्तमानपत्रं, भिंतीवरचं कॅलेंडर, बुटांचे खोके. आणि मग एक गुंडाळी त्याच्या हातातून सुटली. त्याने सोडली नव्हती. कोणीतरी वरून ओढून घ्यावी तशी जळत जळत धुराड्यात निघून गेली.

त्याने दार लावलं, धावत पुढे आला आणि चूल पेटवली. ह्या वेळी ज्वाळा आतल्या बाजूला, नळाकडे झुकली. चिरफळ्यांनी पेट घेतला. खुर्चीचा पाय घातला, तोही पेटला. बर्फाने ओल्या झालेल्या फोडी त्याने झाकणांवर उभ्या करून सुकवल्या आणि एकेक करून आत घातल्या. दार उघडून बघितलं नाही. तळवा नळापाशी धरून उभा राहिला. ऐकू काही येत नव्हतं, पण नळ थरथरतोय हे हाताला कळत होतं. दुपारपर्यंत बीचने नीट पेट घेतला. त्याने कप्पा ढकलला, झडप अर्ध्यावर आणली. चूल चालत राहिली. फिदांकाच्या नाकाला रंग आला. तो तिला म्हणाला, पेटली बघ. ती नको म्हणाली, आणि तो पुढे काही न विचारता दूध तापवायला लागला.

रस्ता उघडल्यावर मी परत आले, तेव्हा त्यांच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. आत रांगेल दाढी वाढलेला, काजळीने माखलेला, आणि दोन खुर्च्या गायब. मी टेबलाशी बसले. त्याने मला पहाडी चहा करून दिला.

त्यानंतर मला तिथे चुलीसाठी कधी जावं लागलं नाही. तो शिकला. दक्षिणेचा वारा असला की आधी मागच्या दारात कागद जाळायचा. लाकूड एक मोसम आधी आत आणून सुकवायचा. पण एक बदल मला दिसला. आता चुलीपाशी असताना तो फिदांकाकडे वळून बघायचा नाही. ती नको म्हणायची तेव्हा तो "हो गं" म्हणायचा आणि काम करत राहायचा. तिला थंडी वाजतेय की गरम होतंय हे विचारण्यात अर्थ नव्हता. तो तिचा पाय हातात धरून बघायचा आणि त्याप्रमाणे झडप सरकवायचा.

उन्हाळ्यात रोसित्सा आली. तिने आईची पाठ बघितली, पाय बघितले, आणि नावं ठेवायला काहीच मिळालं नाही म्हणून बाहेर पायरीवर जाऊन रडली. मला म्हणाली, त्या म्हातारीला मी रोज भरवते, नेव्यानामावशी, आणि माझी आई मला ओळखत नाही. आईला तिकडे नेता येईना, तिला इकडे राहता येईना. बाबांना म्हणाली की खाली शहरात एक घर आहे अशा लोकांसाठी, बघूया का. तो म्हणाला, तिथे चूल नसते, भिंतीला गरम पाण्याचे रेडिएटर असतात. जणू ह्यात सगळं आलं. रोसित्सा परत गेली.

दुसऱ्या हिवाळ्यात फिदांका आक्रसत गेली. घास तोंडात तसाच राहायचा. मग नुसतं सूप, मग चमच्याने दही. खोली उत्तम गरम असायची, भिंतींना ओल नाही, चादरी उबदार, आणि ती दिवसेंदिवस हलकी होत चालली होती. आरोग्यसेविका यायची, नाडी बघायची आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवायची. रांगेल तिला दारापर्यंत पोचवायचा आणि विचारायचा, खोली आणखी गरम ठेवू का? ती म्हणायची, पुरे आहे एवढी.

फेब्रुवारीत, भर सकाळी, तो कोटाशिवाय गल्लीत येऊन उभा राहिला. मी खिडकीतून बघितलं आणि गेले. फिदांका कुशीवर होती, त्याने वळवली होती तशीच. चेहरा शांत होता. चुलीवर तिच्यासाठी दूध ठेवलेलं होतं आणि त्यावर साय धरली होती.

"आज पहिल्याच काडीला पेटली होती," रांगेल मला म्हणाला.

मी दूध उतरवलं. डोळे झाकले तिचे, हनुवटी रुमालाने बांधली. मग मला ते सांगणं भाग पडलं. पुरायचं दुसऱ्या दिवशी. तोवर ती ह्याच खोलीत राहणार, लोक इथेच भेटायला येणार. खोली गार हवी. चूल विझवायला लागेल.

तो माझ्याकडे बघत राहिला, ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. मग तो चुलीकडे गेला. सकाळीच त्याने ती बीचने भरली होती, दिवसभर पुरेल एवढी. त्याने झडप पूर्ण बंद केली, तर झाकणांतून धूर यायला लागला. मी खिडकी उघडली, त्याने घाबरून खालचा कप्पा ओढला, आणि आत वारा जाऊन आग भडकली. नळ पुन्हा थरथरायला लागला. त्याने पाण्याचा तांब्या उचलला. मी हात धरला, लोखंड तडकलं असतं.

"मग कशी विझवायची?" त्याने विचारलं. "ही तर रात्रीपर्यंत चालेल."

मी घरून लोखंडी बादली आणली. त्याने पेटत्या फोडी चिमट्याने धरून एकेक बादलीत ठेवल्या, मी फावड्याने निखारे ओढले. बादली अंगणात नेऊन बर्फात उपडी केली. फस्स करून वाफ उठली आणि बर्फात काळा खड्डा पडला. तो खड्ड्यापाशी थांबला नाही. बादली घेऊन उरलेले निखारे आणायला आत गेला.